पहिल्या रांगेतला सत्कार

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे, स्वमग्न आहे, आणि तिची दाढ किडली होती. इडलीसुद्धा नको म्हणायची. तंजावरात एकही दंतवैद्य तिला खुर्चीवर घ्यायला तयार नव्हता. अशात एका संस्थेकडून बोलावणं आलं: शिक्षक, नर्स, पोलीस, दंतवैद्य अशा सगळ्यांना एकत्र बसवून स्वमग्न माणसांशी कसं वागावं ते शिकवणार आहेत, लेकीला घेऊन या. मी लगेच हो म्हटलं. तिथे एखादा तरी दाताचा डॉक्टर तिला नीट बघेल, एवढीच आशा.

आधी फोन करून मी आयोजकांना बजावलं होतं: न विचारता तिला हात लावू नका, अंगावर काही घालू नका. "कळलं अम्मा, आम्ही तेच तर शिकवतोय," असं उत्तर मिळालं.

दुपारपर्यंत ठीक चाललं. 'स्पर्श करण्याआधी विचारा' असं पडद्यावर आलं, ते सगळ्यांनी उतरवूनही घेतलं. मग ज्याच्यावाचून आमच्याकडे कुठलाच कार्यक्रम संपत नाही ती पोन्नाडै आली. सत्काराची ती जरीची शाल घेऊन आयोजकांपैकी एक बाई मागून आल्या आणि पहिल्या रांगेत बसलेल्या लेकीच्या खांद्यांवर टाकून मोकळ्या झाल्या. फोटोसाठी वरून दाबलीही. लेक किंचाळली, शाल भिरकावली आणि कान दाबून खुर्च्यांमध्ये खाली बसली. त्या बाई मलाच म्हणाल्या, "मान दिला तर असं करते?"

मान! कुणी मागितला होता तुमचा मान? माझं टाळकंच सटकलं.

लेकीला मी व्हरांड्यात आणलं. मागोमाग एक दंतवैद्य आले आणि तिच्या डोक्यावरून मला म्हणाले, "हिला भूल देऊनच बघावं लागेल. मोठ्या इस्पितळात न्या."

"सकाळपासून काय शिकलात?" मी ओरडलेच. "मला काय सांगता? तिला विचारा."

ते ओशाळले. जरा लांब, पायरीवर बसले आणि तमिळमध्ये हळूच विचारलं, कुठे दुखतं? मग तिने डाव्या गालावर बोट ठेवलं आणि घरच्या मराठीत म्हणाली, "एथें दुखते."

डॉक्टर चकित होऊन माझ्याकडे वळले. "अम्मा, हिला कळतं की!"

दाढेचं काम पुढे त्यांनीच केलं, चांगलं केलं. पण तिच्यादेखत मलाच सांगितलेलं ते 'हिला कळतं की!' आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.