नाकतोड्याचे सहा पाय

परवा भूमच्या बाजारात कडब्याची गाडी शेजारून गेली आणि त्या कोरड्या, गोडसर वासानं मी बहात्तरच्या दुष्काळात, तलावाच्या कामावर जाऊन पोचले. आया माती वाहायच्या आणि त्यांची लहान पोरं मी बाभळीखालच्या बालवाडीत सांभाळायचे.

"उद्या ज्वारीच्या कडब्याचं एकेक ताट आणा," मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी ताटं सोलून आतल्या मऊ भेंडाचं नाकतोड्याचं धड केलं, बाभळीचे काटे टोचून पाय लावले. किड्याला पाय सहा, हे पोरांनी बोटं लावून मोजलं.

घरी निघताना पाच वर्षांची कौसा काटे उपसायला लागली. मी रागावले.

"बाई, धड गाईला नेते. तिला आज तेवढंच हाय. पाय तुमी ठिवा. पाऊस झाला की नवं धड आनते."

दावणीतला घास आपण खेळायला मागवला, हे तेव्हा मला कळलं. लाज वाटली. आता वाटतं, त्या माळावर पावसाचा भरवसा तिला एकटीलाच होता.

काटे मी काड्यापेटीत जपून ठेवले. पुढच्या सुगीनंतर कौसा डोक्यावर अख्खी पेंढी घेऊन बालवाडीत आली. पेंढी खाली टाकून तिनं हात पुढं केला.

"द्या माझे पाय."