राखून ठेवलेला कागद

आमच्या बाबांना बाजारात सगळे ‘झटपट’ म्हणायचे. फोटो स्टुडिओच्या पाटीवर चांगलं लांबलचक नाव होतं, पण लोक ‘झटपटकडून फोटो आणले’ असंच बोलायचे. हा माणूस एक पाय चपलेत ठेवून जेवायचा. समोरच्याचं वाक्य तो स्वतःच पुरं करायचा, आणि बहुतेक वेळा चुकीचं. ज्या उस्तादांकडे ते काम शिकले, त्यांनी तर हात टेकले होते. डेव्हलपरच्या ट्रेमध्ये कागदावर चित्र उमटायला लागलं की पुरतं यायच्या आतच बाबा चिमट्याने उचलायचे, आणि उस्ताद ओरडायचे, “अरे, पिकू दे जरा! कच्चं काय काढतोस?”

एवढ्या घाईच्या माणसाने आयुष्यात एकच काम रेंगाळत ठेवलं, ते म्हणजे आईचा मोठा फोटो. लग्नानंतर लवकरच त्यांनी तो काढला होता. खिडकीशी उभी, मान जराशी वळवून हसणारी आई. निगेटिव्ह होती, प्रिंट कधी झालीच नाही. “तुझा मोठा करायचा, भारी कागदावर,” असं म्हणून त्यांनी भारी कागदाचं पाकीटही आणलं आणि पांघरुणांच्या कपाटात सगळ्यात वर ठेवून दिलं. मग कुणाचं लग्न, कुणाचा वाढदिवस, कुणाला अर्जासाठी आजच्या आज फोटो हवा. जगाचे चेहरे आमच्या बाथरूममध्ये केलेल्या डार्करूममध्ये धुऊन निघाले, आईचा राहिला. पुढे स्टुडिओही बंद पडला. पाकीट तिथेच.

यंदा आईच्या डाव्या जबड्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. जबड्याचा तुकडा काढावा लागेल, जीव वाचेल, पण चेहरा पहिल्यासारखा राहणार नाही. मी रजा टाकून माहेरी आले. आई रडली नाही. तिने बाबांकडे एकच गोष्ट मागितली.

“तो फोटो करून द्या. आता गाल सुजलाय, आता काढून काही उपयोग नाही. ऑपरेशनला जायच्या आधी मला माझं तोंड एकदा नीट बघायचंय.”

“आई, निगेटिव्ह दे इकडे. दुकानातून तासाभरात छापून आणते,” मी म्हटलं.

“तुला कुणी विचारलं? कबूल यांनी केलंय.”

बाबांनी पाकीट खाली काढलं. मागे छापलेली मुदत वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. ती मुदत संपल्यानंतर माझं लग्न झालं होतं, आणि माझी मुलगी आता कॉलेजात होती.

तरी बाथरूमची पुन्हा डार्करूम झाली. खिडकीवर जाड चादर, लाल दिवा, बेसिनवर फळी, फळीवर ट्रे, आणि कोपऱ्यात स्टुलावर निगेटिव्हचा फोटो मोठा करून कागदावर पाडणारा तो म्हातारा एन्लार्जर. आम्ही आंघोळीला शेजारी जायला लागलो. पहिली प्रिंट बाहेर आली ती सगळीच राखाडी. खिडकी राखाडी, हसू राखाडी, जणू आईला कुणी धुरात उभं केलं होतं.

“माझी घाई नडली,” बाबा म्हणाले. “या वेळी उस्तादांचं ऐकतो.”

आणि खरंच ऐकलं. समोर घड्याळ ठेवून त्यांनी कागद पुरता पिकू दिला. तो जास्तच काळवंडला. पुढचा आणखी वेळ ठेवला, तो आणखी काळा. दोन प्रिंटच्या मधे बाबा घरभर फिरत. हॉल, स्वयंपाकघर, परत हॉल. नळ उघडायचा, बंद करायचा. कुलूप लावलेलं दार ओढून बघायचं. मी भाजी चिरत होते आणि माझीही सुरी त्यांच्या पावलांबरोबर धावत होती. दवाखान्यात उद्या जायचं होतं आणि पाकिटात कागद जेमतेम उरले होते.

“बाबा, बसा हो! डोकं फिरेल माझं.”

“बसून काय करू?” ते माझ्यावर खेकसले. “सांग ना, बसून काय करू मी?”

मला त्यांचा भयंकर राग आला होता. अख्ख्या गावाचे फोटो काढले, आणि बायकोचा एक झाला नाही? पण त्यांचा आवाज फाटला तशी मी परत भाजीकडे वळले.

आई उठली. “मी येते आत.”

बाबा दचकले. डार्करूममध्ये तिला बंदी होती. नवी नवरी असताना तिने ‘दूध उतू गेलं’ म्हणून धाडकन दार उघडलं होतं आणि कुणाच्या तरी लग्नाचे सगळे फोटो एका क्षणात काळे करून टाकले होते. त्यानंतर तिने तो उंबरठा ओलांडला नव्हता. आज कुणी अडवलं नाही. मीही मागोमाग घुसले आणि दाराला पाठ लावून उभी राहिले.

बाबांनी कागद ट्रेमध्ये सोडला. आधी डोळे आले, मग केस, मग ओठ.

“आलं की!” आई म्हणाली. “काढा.”

“वेळ व्हायचाय अजून.”

“कसला वेळ? चेहरा आलाय. आता मागून मळभ चढतंय, त्याची वाट बघताय का?”

“उस्ताद म्हणायचे...”

“उस्तादांचा कागद ताजा होता. आयुष्यभर कुणाला धड घास गिळू दिला नाहीत, आणि माझ्याच वेळेला बरा धीर सुचला!”

तोवर ती प्रिंटही धुरात गेली. मग बाबांची बोटं फळीवर वाजायला लागली. “म्हणजे चेहरा आधी, धूर नंतर. उजेड भरपूर द्यायचा, आणि धूर यायच्या आत उचलायचं,” ते पुटपुटले. शेवटून दुसरा कागद एन्लार्जरखाली गेला. या वेळी त्यांनी उजेड सढळ हाताने दिला. ट्रेमध्ये पडताच चेहरा भराभर वर आला, आणि आमच्या झटपटने तो झडप घालून उचलला आणि चित्र पक्कं करणाऱ्या हायपोत बुडवला.

थोड्या वेळाने त्यांनी साधा दिवा लावला. खिडकी पांढरी होती. गाल स्वच्छ होता. कोपरे तेवढे मळकट राहिले होते. आईने ओली प्रिंट हातात धरली आणि फोटोतल्या डाव्या गालावरून बोट फिरवलं.

“चांगली होते की मी.”

“आहेस,” बाबा म्हणाले, आणि टॉवेल आणायच्या निमित्ताने बाहेर पळाले. टॉवेल त्यांच्याच खांद्यावर होता.

ऑपरेशन झालं. आई घरी आली तेव्हा तिचा डावा गाल आत गेला होता आणि ओठ एका बाजूला ओढला होता. फोटो हॉलमध्ये लावला होता, ती त्याच्याकडे पाठ करून बसायची. तिच्या जखमेची पट्टी निघाली त्याच दुपारी बाबा जुना कॅमेरा घेऊन तिच्यासमोर उभे राहिले.

“एक कागद उरलाय.”

“या तोंडासाठी?” तिचे शब्द अजून अडखळत होते. “ठेवा तो. नातीच्या लग्नात लागेल.”

“ठेवणार नाही. ठेवला की खराब होतो.”

तिने सवयीने उजवा गाल पुढे केला.

“अशी नको. समोर बघ, माझ्याकडे.”

तिने खाली बघत मांडीवरचा पदर सारखा केला. मग तिने मान वर केली, सरळ, दोन्ही गालांसकट. बाबांचं बोट बटणावर गेलं.

“थांबा हो,” ती म्हणाली. “केस तरी नीट करू द्या.”

तिने माझ्याकडून कंगवा घेतला, अंबाडा सोडला आणि सावकाश केस विंचरायला लागली. आणि बाबा, कॅमेरा डोळ्याला लावून, थांबले.