नळीचा जोड
उन्हात तापलेल्या रबरी नळीचा वास आला की मला लातूरमधलं ते दुकान आठवतं. जिल्हा नुकताच झाला होता, विहिरींचं पाणी खाली चाललं होतं आणि मी तिथे पंपाचं सामान विकायचो. एकदा देवणीकडचा एक पाणबुड्या बायकोला घेऊन आला. विहिरीतला गाळ काढायला तो तोंडात हवेची नळी धरून पाण्यात उतरायचा, वरून बायको हाताने पंप मारून हवा द्यायची. त्याला नळीचे दोन तुकडे जोडून हवे होते. मी पितळी जोड बसवला, बादलीत बुडवून फुंकलं. एक बुडबुडा आला नाही. "वरून क्लिपा आवळाव्या का, मालक?" त्यानं विचारलं. "एवढा घट्ट बसलाय, क्लिपा कशाला?" मी ऐटीत म्हणालो. महिन्याभराने बायको एकटीच आली. "वर घे म्हणायला ते नळीलाच हिसका देतेत. हिसका दिला अन् जोड निसटला. वाचले, पर आता बादलीतल्या पाण्यालाबी भितेत," एवढं बोलून तिनं जोड माझ्यासमोर ठेवला आणि गेली. पाण्यात नळीला ओढ बसते का, हे मी विचारलंच नव्हतं. तो जोड अजून माझ्याकडे आहे. कधीतरी नळीला लावून बादलीत बुडवतो आणि फुंकतो. एक बुडबुडा येत नाही.