खारवणच्या पूर्वेला

ट्रेसरचाचा कुठे आहेत असं फोनवर विचारलं, की ते जागेचं नाव कधीच सांगत नसत. चतुःसीमा सांगत. "पूर्वेला रसवंती, पश्चिमेला बंद पडलेला पंप, उत्तरेला एक म्हैस, दक्षिणेला रस्ता. मधी मी." म्हैस उठून गेली तर काय करायचं, असं मी एकदा विचारलं. "मंग फेरमोजणी," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही.

चाचा जुन्नरचे. आयुष्यभर त्यांनी जमीन मोजणीच्या कचेरीत ट्रेसरचं काम केलं. मूळ नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि काळ्या शाईने त्याची हुबेहूब नक्कल उतरवायची. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी ते नाव त्यांना चिकटून राहिलं. मी घोडेगावची. माझे वडील पत्रकं छापून तहसील कचेरीच्या फाटकाशी वाटत, तिथूनच चाचांची ओळख. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवर, त्यामुळे माझं प्रत्येक वाक्य कुणाला तरी जाब विचारत सुटतं. मी कादंबरी लिहिली तीसुद्धा तशीच. खारवण नावाचं एक कल्पित वाळवंटी राज्य, तिथला राजा सगळ्या विहिरींना कुलपं लावतो आणि लोक उठाव करतात. पुण्याच्या प्रकाशकाला ती आवडली. पुस्तकात खारवणचा सविस्तर नकाशा मात्र हवा, आणि तो दोन महिन्यांत हवा, असं त्याने बजावलं.

मी एका पत्रकाच्या पाठीवर काढलेलं कच्चं चित्र घेऊन चाचांकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून ते डोळ्यांजवळ धरलं. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता.

"उंट पानी कुठं पितात?"

"चाचा, हे काल्पनिक आहे."

"आसंल. उंटाला तहान लागती का न्हाई?"

लागते, असं मला कबूल करावं लागलं. त्या दिवशी आम्ही फक्त विहिरी ठरवल्या.

न चाललेलं अंतर चाचा कागदावर घेत नसत. माझं उठावाचं सैन्य दिवसाला पंधरा कोस चालतं, हे वाचून त्यांनी मला एप्रिलच्या उन्हात गावाबाहेरच्या माळावर नेलं आणि माझ्या दोन्ही हातांत पाण्याने भरलेले कॅन दिले. स्वतः छत्री घेऊन बाजूने पावलं मोजत चालले. मोजताना बोलत नसत, मी बोलू लागले की बोट वर करून थांबवत. तासाभरात मी बाभळीखाली बसकण मारली.

"काय सरसेनापती," ते म्हणाले, "गडी थकलं का?"

घरी येऊन त्यांनी माझी पंधरा कोसांची मजल खोडून सहावर आणली. वाळूच्या टेकड्या ते बारीक ठिपक्यांनी काढत. वाऱ्याकडच्या बाजूला ठिपके विरळ, आडोशाला दाट. एका टेकडीला अर्धा दिवस लागे. मी तारखा मोजत शेजारी बसलेली असे, आणि ते दौत सावकाश ढवळत.

छपाईला आठवडा उरला असताना आमचं भांडण झालं. नकाशाच्या पूर्वेला मी हातभर जागा कोरी सोडायला सांगितली होती.

"हितं कोन ऱ्हातं?"

"कुणी नाही. ओसाड आहे. म्हणून तर सैन्य तिकडून गुपचूप येऊ शकतं."

"ओसाड हाय असं कुनी म्हनलं?"

"मी. लेखिका मी आहे."

"राजा बी असंच म्हनत आसंल."

ते मला झोंबलं. "तुम्ही आयुष्यभर सरकारच्या रेघा गिरवल्यात, चाचा," मी म्हणाले. "मला राजा म्हणू नका."

चाचांनी दौतीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "नोकरीला लागून दोन वर्सं झाली व्हती. डोंगराकडच्या एका वाडीचा नकाशा. मूळ कागद घडीवर फाटलेला. तितं एक तुटक रेघ व्हती का नव्हती, कळंना. जाऊन बघायचं सोडून मी जागा कोरी ठेवली. वर शेरा मारला, पडीक."

"मग?"

"इहिरीची वाट व्हती ती. नव्या मालकानं कुंपान घातलं. वाडीतल्या बाया नक्कल घेऊन माझ्याच टेबलापाशी आल्या. म्हनल्या, साहेब, आमी रोज चालतो ती वाट ह्याच्यात कुठंय, दाखवा. खाली सही माझीच."

मला तिथेच गप्प बसता आलं असतं. पण सोमवारी पुस्तक छपाईला जाणार होतं. पूर्वेला माणसं दाखवली तर सैन्य गुपचूप येऊ शकत नव्हतं, आणि माझा सगळा शेवट कोसळत होता. तसं मी त्यांना सांगितलं.

"मंग कोसळू दे."

"जसा सांगितलाय तसा काढून द्या," मी म्हणाले आणि पिशवी उचलली.

शनिवारी त्यांचा फोन आला. "पुडकं यष्टीत दिलंय. घोडेगावला उतरवून घे." मी स्टँडच्या बाकावरच गुंडाळी उघडली. इतका सुंदर नकाशा मी पाहिला नव्हता. कुलपं लावलेल्या विहिरी, तांड्यांच्या वाटा, वाऱ्याची दिशा, सगळं जागच्या जागी. पूर्वेला कोरी जागा आणि त्यांच्या रेखीव अक्षरात 'ओसाड'. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट आखलेली होती. 'नकाशा काढणार' एवढं लिहून पुढे काही नव्हतं.

मी फोन लावला. "चाचा, सही राहिलीय."

"ऱ्हायली न्हाई. केली न्हाई."

"म्हणजे?"

"पुस्तक तुझं हाय बेटा, तू छाप. माझा राग न्हाई. पन तितं मानसं न्हाईत असं मी दुसऱ्यांदा सहीनिशी लिहून देनार न्हाई."

समोर जुन्नरची गाडी लागली होती. कंडक्टरने दोनदा हाका मारल्या. मी उठले नाही. काय तोंडाने जाणार होते?

रविवारी मी प्रकाशकाला फोन करून छपाई थांबवली. पुस्तक वर्षभर पुढे जाईल, असं तो तुटकपणे म्हणाला. जाऊ दे म्हटलं. शेवट पुन्हा लिहिला. आता पूर्वेला मीठ गोळा करणारी कुटुंबं होती, तीन विहिरी फक्त त्यांनाच ठाऊक होत्या, आणि उठावाच्या सैन्याला आधी त्यांच्या दारात जाऊन वाट मागावी लागत होती. त्या तीन विहिरी मी चाचांच्या नकाशाच्या नकलेवर स्वतः काढल्या. पाच कागद वाया गेले. पुरं झाल्यावरच दाखवायचं, असा माझा हट्ट होता. तीन महिने मी जुन्नरला गेले नाही. सहावा कागद साधला त्याच आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. "अब्बा सकाळी गेले."

पुस्तक निघालं. प्रस्तावनेत मी चाचांबद्दल सगळं लिहिलं आहे. चौकटीत त्यांचं नाव घालू, नकाशा जवळजवळ सगळा त्यांचाच आहे, असं प्रकाशक म्हणत होता. मी घालू दिलं नाही. पूर्वेच्या विहिरी त्यांनी पाहिलेल्या नाहीत, त्यांच्याखाली त्यांची सही मी कशी टाकू?

त्यामुळे 'नकाशा काढणार' याच्यापुढे जागा कोरी आहे. छापखान्याची चूक समजून वाचक मला कळवतात. छापखान्याची काही चूक नाही. त्या शनिवारी जुन्नरच्या गाडीत मी बसले नाही, चूक ती आहे.