कृपया विभाग सात पाहा

सॉफ्टवेअर कसं वापरायचं, हे लोकांना सोप्या शब्दांत लिहून सांगायचा मला पगार मिळतो. बायकोला, म्हणजे नंदाला, मात्र मी 'कंप्युटरमध्ये' आहे एवढंच माहीत होतं. त्यातच संसाराचं भलं होतं!

नंदा आगरदांड्याची, भलती खमकी. श्रीवर्धनला आमच्या सुपारीच्या वाडीत तिनं हौसेनं पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. "बुकिंगला वही कशाला? आमच्या कंपनीचं अ‍ॅप आहे की!" हे शहाणपण माझं. ते शिकवताना मी गंमत म्हणून तिसरी एक 'नमुना खोली' टाकली. समुद्र दिसणारी! (आमच्या वाडीतून शेजाऱ्याची म्हैस दिसते.)

शनिवारी पहिलेवहिले पाहुणे येणार म्हणून मी रजा टाकली. सकाळीच नंदा ओरडली, "अहो, ही समुद्राची खोली कुठली? पुन्याची सहा मानसं दुपारी येतायत!"

"नमुना आहे गं तो. दोन मिनिटांत काढतो."

"पयल्याच दिवशी मानसं परत धाडली, तर गावात तोंड दाखवायला जागा न्हाय ऱ्हायची!"

मी मदतीचं पान उघडलं. 'खोली काढण्यासाठी विभाग सात पाहा.' सातमध्ये होतं, 'आधी बुकिंग रद्द करा. पाहा विभाग तीन.' तीनमध्ये होतं, 'आधी खोली काढा. पाहा विभाग सात.' बरं, पाहुण्यांना फोन करावा, तर नंबर कुठं सापडतो ते विभाग नऊमध्ये. आणि नऊमध्ये एकच ओळ, 'लवकरच लिहिण्यात येईल.'

"कोन मेल्यानं लिवलंय ह्ये?"

मेला तिच्या शेजारीच बसला होता! तिनं सरळ मदतकेंद्राला फोन लावला, तोही स्पीकरवर.

"सॉरी हं मॅडम," पलीकडची मुलगी म्हणाली, "ते पान आम्हालाही कळत नाही. ज्यांनी लिहिलंय ते सर रजेवर आहेत. त्यांच्या मिसेसनं श्रीवर्धनला खोल्या काढल्यात ना!"

नंदानं फोन ठेवला. मी देवाचं नाव घेतलं.

दुपारी खऱ्या खोल्यांची दोन आणि समुद्राच्या खोलीचं एक, अशी तिन्ही कुटुंबं हजर! पुणेकर काका खूश होते. "घर पटकन सापडलं हो. वाट काय सुरेख लिहिलीय! 'निळं फाटक. कुत्रं भुंकेल, चावणार न्हाय. बिनधास्त आत या.'" ती नंदानं लिहिली होती.

तिनं त्यांना आमचीच खोली दिली, सुरमईचं जेवण घातलं आणि मला हुकूम सोडला, "समुद्र कबूल केलाय ना? मग दाखवा!" दोन दिवस सकाळ-संध्याकाळ सहा माणसं किनाऱ्यावर नेली आणि आणली. जाताना त्यांनी अ‍ॅपवर लिहिलं, 'खोलीतून समुद्र दिसत नाही, पण एक गृहस्थ नेऊन दाखवतात.'

तेव्हापासून माझं प्रत्येक पान आधी नंदा वाचते. 'पाहा' दिसलं की लाल पेन! परवा साहेब म्हणाले, "हल्ली तुमचं लिहिलेलं कळतं हो!" मी आनंदानं घरी सांगितलं.

"मग पेढे आना," नंदा म्हणाली, "का दुकान कुठं हाय त्ये लिवून देऊ?"