फळ्यावरचे 'म्हणे'

"बाई, सर गेले म्हणे." मखमलाबादच्या फुलवाल्या सिंधूताईंचा फोन सकाळी सातला आला. मी सवयीने विचारले, "कोण म्हणतं?" त्या म्हणाल्या, "सरांची मुलगीच बोलली, दवाखान्यातून. आता तरी 'म्हणे' लावायचं नाय ना?"

बाहेरच्या माणसाला हा संवाद चमत्कारिक वाटेल, म्हणून आधी तो समजावून सांगायला हवा. देवरे सर आमच्या शाळेत भूगोल शिकवत, मी गणित. निवृत्तीनंतर त्यांनी वाचनालयाच्या दाराशी असलेल्या फळ्यावर रोज एक परदेशी बातमी लिहायला घेतली. त्यांच्याकडे शॉर्टवेव्हचा जुना रेडिओ होता. दोन देशांत कुरबुर सुरू झाली, की ते दोन्ही सरकारांची प्रसारणे ऐकत आणि वहीत तीन रकाने आखत: हे काय सांगतात, ते काय सांगतात, आणि दोघेही काय सांगत नाहीत. तिसरा रकाना भरायला त्यांना सर्वांत जास्त वेळ लागे. "सरसकट खोटं बोलणारा परवडतो, बाई," ते म्हणत, "निवडून खरं बोलणारा जड जातो." फळ्यावरच्या प्रत्येक बातमीच्या शेवटी मात्र एक शब्द ठरलेला असे: म्हणे. त्यात अविश्वास नव्हता. पडताळणी अजून व्हायची आहे, एवढीच नोंद होती. मला ते पटे, कारण गणितात आम्हीही 'समजा' असे लिहितो आणि सिद्धता होईपर्यंत ते विसरत नाही.

एकदा तो शब्द राहिला. आखातात तणाव वाढला होता आणि सिंधूताईंचा मुलगा तिथल्या एका बंदरावर वायरमन होता. एका सरकारच्या रेडिओने विजयी सुरात सांगितले, की ते बंदर नष्ट झाले. दुसऱ्या सरकारचे केंद्र त्या वेळी नुसते संगीत वाजवत होते. सरांनी घाईने फळ्यावर लिहिले: 'बंदर पूर्ण उद्ध्वस्त.' शब्दाला जागा पुरली नाही, असे ते नंतर म्हणाले. फळा अर्धा रिकामा होता, हे मी त्यांना ऐकवले. वाचनालयातल्या तसबिरीसाठी रोजचा हार घेऊन आलेल्या सिंधूताईंनी ते वाचले. मुलाचा फोन लागेना. दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही... तिसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. एका गोदामाला आग लागली होती, बाकी बंदर जागेवर होते.

सर मला घेऊन मखमलाबादला गेले. झेंडूच्या वाफ्यापाशी उभे राहून म्हणाले, "चूक माझी आहे." सिंधूताईंनी खुडणी थांबवली नाही. "त्या रेडिओवाल्याला मी कुठं ओळखते, सर? तुम्ही लिहिलं, म्हणून मी खरं धरलं."

परत येताना रंगाच्या दुकानापाशी रिक्षा थांबवून सरांनी पांढऱ्या ऑइलपेंटची लहान डबी घेतली आणि फळ्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात 'म्हणे' रंगवले. ओल्या फडक्यानेही पुसले जाणार नाही, असे.

ते गेले त्या दिवशी मी खडूने लिहिले, 'देवरे सर आज सकाळी गेले.' खाली कोपऱ्यात तो शब्द होताच. सिंधूताईंनी फळ्याच्या खिळ्याला झेंडूचा हार अडकवून नेमका तेवढा भाग झाकला.

या गोष्टीला पाच आठवडे झाले. गेल्या सोमवारी वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, "मोबाइलवर सगळं येतं, बाई. फळा काढू, तिथं पाण्याचा फिल्टर बसवू." मी म्हटले, "सगळं येतं, 'म्हणे' येत नाही. फिल्टर खिडकीखाली बसवा." ते हसले; फळा राहिला. सरांच्या मुलीने रेडिओ आणि वही माझ्याकडे दिली आहे. आखातातली कुरबुर पुन्हा वाढली आहे. परवा मी दोन्ही प्रसारणे ऐकली, तीन रकाने आखले. तिसरा अजून मला नीट भरता येत नाही, शिकेन.

काल फळ्यापाशी गेले, तर सिंधूताई आधीच तिथे होत्या. त्यांनी वाळलेला हार काढून पिशवीत ठेवला. "लिहा आता. पोरगं अजून तिकडंच हाय. पण दोन्हीकडचं ऐकलं ना?"

"ऐकलं."

मी खडू घेतला आणि बातमी सावकाश कोपऱ्यापर्यंत नेली. शेवटचा शब्द सरांच्या अक्षरात आधीच तिथे होता.