भिंगाला लावलेलं कुंकू

ये गं नाती, जवळ बस. कॉलेजात गेलीस आन् आजीला फोन करायला सवड न्हाय व्हय? ऐक, नव्वद सालानंतरची गोष्ट. तुझी आई इंदापूरकडं एका शाळंत नववीत होती. शाळेचा एकुलता एक सूक्ष्मदर्शक वर्षभर कपाटात असायचा. दसऱ्याला मात्र विज्ञानाच्या सरांनी त्याची पूजा केली आन् हळदकुंकू थेट भिंगालाच फासलं. एवढं विज्ञान!

पुढं परीक्षेत कांद्याचा पापुद्रा आन् गालाच्या आतली पेशी बघून चित्रं काढायची होती. तुझ्या आईनं दोन्हींत तांबडे ठिपके काढले. सरांनी फुली मारली. नापास होणार म्हणून पोरगी रडत घरी आली. मी चिखलाच्या पायांनीच शाळा गाठली.

"सर, तुमी बघितलं का?"

"बाई, पुस्तकात सगळं हाय."

"मग डोळं कशाला हायत?"

सरांनी वाकून बघितलं, तर त्यांनाबी तांबडे ठिपकेच दिसले. मी पदरानं भिंगावरचं कुंकू पुसलं. पोरीनं पुन्हा बघितलं, कांद्याच्या पेशींना विटांसारख्या भिंती, गालाच्या बिनभिंतीच्या. मार्क मिळाले. मीबी भिंगातनं बघू लागले तर सर म्हणाले, "पालकांना परवानगी न्हाय!"

तुझ्या कॉलेजात तरी चांगला सूक्ष्मदर्शक असंल ना? आईला घिऊन पुन्हा लवकर ये, मला एकदा दाखवायला ने.